रस्त्याचं पाणी

१९ एप्रिल १९७३, गुरुवार

काल इथे लिहिलं ते चुकीचं आहे. 'ओढ्याच्या उतारावर पाणी मारलं, रोलर फिरला, वरचा अर्धा तुकडा पुरा झाला' — असं लिहून ठेवलंय. यातलं रोलर फिरला एवढंच मी डोळ्यांनी पाहिलं. टँकर आला हेही खरं. पण तो आला तेव्हा मी पार फाट्याच्या टोकाला खडी तपासत होते. परत आले तर उतार ओलसर दिसला आणि मी धरून चालले की पाणी मारलं.

खोडत नाही. खोडलं तर काय चुकलं तेच विसरेन. म्हणून दुरुस्ती खाली.

ओलसर म्हणजे किती? आज तिथून चालत गेले तर चपलेखाली खडी हलली. करकर वाजली! दाबलेला रस्ता वाजत नाही. पंचाक्षरी साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं — ते आमच्या कामाचे ओव्हरसिअर, सोलापूरहून जमेल तेव्हा जीपने येतात — "खडी पसरली म्हणजे रस्ता झाला नाही, बाई. खडी, वर मुरूम, मग पोटभर पाणी, मग रोलर. पाणी नसेल तर मुरूम खडीला धरत नाही. नुसता वर बसून राहतो." ते नसतील तेव्हा हे सगळं बघायला मी. दुष्काळी कामावर देखरेखीला मॅट्रिक झालेलं माणूस हवं होतं, आणि गावात तसं माणूस मीच निघाले. आमच्या घरात तर शाळेची पायरी चढलेलीच मी पहिली. म्हणून जास्त भीती वाटते. घरात विचारायला कुणी नाही.

दुपारी आईने, अव्वाने, तांब्याभर गार पाणी आणून दिलं. तेवढं बरं वाटलं.

२० एप्रिल, शुक्रवार

मौलालीला विचारलं. रोलर तोच चालवतो.

"मौलालीभाई, परवा उतारावर पाणी किती मारलं?"

"मैं रोलर चलाता, बाई. टँकर नै चलाता."

"पण रोलर कोरड्यावर फिरवला की ओल्यावर?"

त्याने कानामागची विडी काढली, बघितली, परत कानामागे खोचली. "कायकू मेरे पेट पे आती? तुमारी अम्मी कू पूछो."

अव्वाला? अव्वाचा टँकरशी काय संबंध! ती खडी फोडते. सकाळी बसते ती उन्हं कलेपर्यंत हातोडी खाली ठेवत नाही.

२१ एप्रिल

विचारलं नाही. धीर झाला नाही.

२४ एप्रिल, मंगळवार

बाजाराचा दिवस. काम बंद. आप्पा बैल घेऊन छावणीत आहेत, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. अव्वा मिलोच्या भाकऱ्या थापत होती. या परदेशी ज्वारीला चिकटपणा म्हणून नाही. पीठ हाताखाली फुटत राहतं. अव्वा त्यावर उकळतं पाणी ओतते, झाकून ठेवते, मग मळते. तेव्हा कुठे भाकरी एकसंध राहते.

एक भाकरी तरी चिरली. अव्वाने ती माझ्यापुढे धरली. "बघ गं, जातीया का तुझ्या कडीतनं?"

ही थट्टा आता जन्मभर चालणार. पहिल्याच आठवड्यात मी लोखंडी कडी घेऊन सगळ्या बायकांची खडी तपासली. कडीतून जाईल तो दगड पास, अडकेल तो परत फोडायचा. अव्वाच्या ढिगातले बरेच अडकले. सगळ्यांसमोर! तरी म्हटलं, "हा ढीग परत." मथुराबाई — त्या गँगमधली सगळ्यात वयस्क आणि तोंडाची सगळ्यात फटकळ — कपाळाला हात लावून म्हणाली, "ही पोटची पोर न्हवं गं, सासू हाय सासू!" सगळ्या हसल्या. अव्वा हसली नाही, रागावलीही नाही. पदर खोचला आणि सगळा ढीग परत फोडला.

त्या दिवसापासून बायका या रस्त्याला 'गिरजेचा रस्ता' म्हणतात. आधी टोमणा होता. आता पोरंसुद्धा तेच म्हणतात. "कुटं निघालास?" "गिरजेच्या रस्त्यावर." मला लाज वाटते. अव्वाला वाटत नाही. परवा वाण्याच्या दुकानात कुणीतरी विचारलं, काम कुठंवर आलं, तर म्हणाली, "गिरजेचा रस्ता व्हय? आला की ओढ्यापतूर." अशा काही आवाजात, की मी बाहेरच थांबले.

टँकरचं आजही विचारलं नाही. भाकरी छान झाली होती.

२६ एप्रिल, गुरुवार

आज टँकर आला. उताराचा खालचा भाग करायचा होता. मी फाट्याकडे गेलेच नाही. मुरमाच्या ढिगाआड उभी राहिले. चोरासारखी! काम माझं, आणि लपून मीच बघते.

टँकर रस्त्यावर आलाच नाही. बाभळीखाली जाऊन थांबला. तिथे खड्डा खणून दोन रांजण पुरलेत, वर गोणपाट. इतके दिवस मी त्याच्या शेजारून ये-जा करते आणि मला वाटायचं खडीची पोती आहेत. बायका घागरी घेऊन धावल्या. आरडाओरडा नाही, ढकलाढकली नाही. आधी रांजण भरले, मग घागरी, मग पोरांची तोंडं धुतली. खडी फोडणाऱ्या बसव्वाने पदर भिजवून आपल्या तान्ह्या पोराच्या डोक्यावर ठेवला.

उरलं ते एका घमेल्यात. ते घेऊन अव्वा उतारावर आली. आणि काय केलं? अंगणात सडा घालावा तसं ओंजळीने शिंपडलं. हळूहळू मागे सरत, एकही जागा सुटू नये म्हणून खाली वाकून बघत. इतक्या निगुतीने! कुठलाही कोपरा कोरडा दिसणार नाही असं. मग मौलालीला हात केला. रोलर सुरू झाला.

मी पुढे आले. अव्वाने घमेलं खाली ठेवलं.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग झालं तर. सांगायचं राह्यलं न्हाय काय."

"अव्वा, हे पाणी रस्त्याचं आहे."

मथुराबाई मध्ये आली. "रस्ता मागाया आलाय व्हय पाणी? माणसाच्या घशाला कोरड आन् रस्त्याला आंघोळ! शाळंत ह्येच शिकवत्यात?"

"पिण्याच्या पाण्याची गाडी येते की."

"येती. त्या पिपात काय असतं त्ये बघितलंस कदी?"

अव्वा म्हणाली, "मिरगात पाऊस पडला की रस्ता पील की त्याच्या वाट्याचं. त्याला काय घाई हाय? बसव्वाला निघंल का तवर दम? अंगावर पाजती ती. पानीच न्हाय प्याली तर पोराला काय देईल?"

मी म्हणाले, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू पिली असतीस?"

मला कळायला वेळ लागला. रोज दुपारचा तो गार तांब्या. पिपातलं पाणी कढत असतं, आणि माझं मात्र गार. मी कधी विचारलं नाही कुठलं. आईने आणून दिलेलं पाणी कोण विचारतं, कुठलं!

२७ एप्रिल, शुक्रवार

आज पिपातलं पाणी प्यायले. गढूळ, आणि ओठाला काहीतरी लागत होतं. पदराने गाळून प्यायले. अव्वा लांबून बघत होती. तांब्या घेऊन आली नाही. तो तिने बसव्वाला दिला.

२९ एप्रिल, रविवार

ताप आहे. पोटही बिघडलंय. दोन ओळीच लिहिते.

अव्वा कामावर गेलीच नाही. उशाशी बसून होती. रागावली की ती कानडीत बोलते, सकाळपासून कानडीतच बोलतेय.

३० एप्रिल, सोमवार

ताप उतरला. दुपारी सुट्टीत बसव्वा येऊन गेली. कडेवर पोर. त्याला सगळ्या 'गाडीवान' म्हणतात. गेल्या वर्षी काय तो एकच मोठा पाऊस झाला, आणि नेमकी त्याच दिवशी बसव्वाच्या पोटात कळ आली. गाडी जुंपून मंद्रूपच्या दवाखान्यात न्यायला निघाले तर ओढ्याच्या चिखलात चाकं रुतली. बैल सोडले, माणसं लावली, गाडी हलेना. पोर तिथेच झालं, गाडीत, वर गोणपाट धरून. अव्वाच होती सोबतीला.

बसव्वाने ओलं फडकं माझ्या कपाळावर ठेवलं. कुठल्या पाण्याचं ते विचारलं नाही. डोळे मिटून घेतले. गाडीवानाने माझी वेणी ओढली.

"ताई, तुमी आमच्यावर रागवलाव का?" तिने विचारलं.

"नाही गं."

"मग अव्वाबर बोला की. कालपासनं जेवल्या न्हाईत त्या."

अव्वा आली तेव्हा मी म्हटलं, पाणी दे. तिने तांब्या पुढे केला. कुठलं आहे ते तिनेही सांगितलं नाही. मी सगळं प्यायले. मग ती जेवली.

२ मे, बुधवार

साहेब आले. मी आधी पिण्याच्या पाण्याचं काढलं. ते खरंच ऐकून घेतात, मान तिरकी करून. म्हणाले, "पिण्याचं पाणी तहसीलकडे, बाई. माझ्या हातात फक्त रस्त्याचं. मी बोललो आहे त्यांच्याशी. परत बोलतो." मग टोपी काढून घाम पुसला आणि एका दुसऱ्या कामाची हकिगत सांगितली. कुठलं ते सांगितलं नाही. तिथे पाणी भलतीकडे गेलं. रस्ता दिसायला देखणा झाला. कडब्याचा पहिला ट्रक गेला आणि खडी उघडी पडली, चाक कलंडलं, वर बसलेला माणूस खाली आला. पाय गेला त्याचा. "म्हणून आता सक्त सांगितलंय सगळीकडे. रस्त्याच्या पाण्याला हात लावेल तो कामावरून कमी. बाई असो की बाप्या."

मी खाली बघत होते. पायाशी अव्वाने फोडलेली खडी. एकसारखी, कडीतून सुटणारी.

"ओढ्याचा उतार कसा झालाय?"

"आपण स्वतः बघावा, साहेब."

ते हसले. "तू बघितलास ना? मग झालं. पुढच्या बुधवारी येतो. तो पास केला की रोलर इथून हलवायचाय, मोहोळच्या बाजूला वाट बघतायत. तू ठीक म्हणालीस तर मी दगडसुद्धा टाकणार नाही."

दगड म्हणजे त्यांची परीक्षा. मलाही शिकवलीय. चालत्या रोलरपुढे त्याच खडीतला एक दगड ठेवायचा. चाकाखाली दगडाचा चुरा झाला तर रस्ता घट्ट. दगड तसाच्या तसा आत गेला तर रस्ता पोकळ. पोकळ निघाला तर उकरून, पाणी घालून, परत दाबायचा. रोलर गेल्यावर कशाने दाबणार?

त्यांनी आजवर प्रत्येक तुकड्यावर दगड टाकलाय. फक्त मी म्हटलं म्हणून हा सोडणार! याहून रागावले असते तर बरं होतं.

३ मे

मौलाली म्हणाला, "बाई, तुम सोती नै क्या? आंखां देखो कैसे हुए."

म्हटलं, "तुम्ही झोपता का?"

"हौ. रोलर के नीचे." आणि खदखदून हसला. मग कानामागची विडी हातात घेतली. "मेरे कू पूछे सायब, तो मैं झूट नै बोलता. नै पूछे तो नै बोलता. ऐसा है."

तसंच माझंही चाललंय का?

४ मे, शुक्रवार

उतारावर बसून होते बराच वेळ. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी बसव्वाच समोर येते. पाणी बंद झालं तर तिचं आणि गाडीवानाचं आज काय? आणि रस्ता फुटला तर येत्या पावसाळ्यात याच ओढ्यात दुसऱ्या कुणाची गाडी. एसटी येणार म्हणून सगळे वाट बघतायत. एसटी भरून लोक, आणि हा उतार!

आणि अव्वा. नाव निघालं की पहिलं तिचंच निघणार. रांजण तिनेच पुरायला लावले, शिंपडलं तिनेच. आप्पा छावणीत. तिला काढलं तर दुसऱ्या कामावरही घेणार नाहीत. तिने हातोडी धरली तेव्हा मी सोलापुरात मावशीकडे राहून शिकत होते. ती मला लिहूनसुद्धा विचारू शकत नव्हती, कशी आहेस. कुणाकडून तरी निरोप यायचा — "पोरगी जेवती का?" एवढाच. दर वेळी एवढाच.

तिला मी साहेबांपुढे उभी करू?

५ मे, शनिवार

ठरलं. गप्प बसायचं.

ठरवल्यावर शांत वाटायला हवं होतं. संध्याकाळी अव्वा पीठ घेऊन बसली. मी शेजारी. घाईत तिने पाणी कमी घातलं असावं, भाकरी थापताना कडा फुटल्या. तिने परत गोळा केला, परत फुटली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अव्वा, रस्त्याचंही असंच."

"काय असंच?"

बोलायचं नव्हतं. पण बोलले. म्हटलं, खडी आणि मुरूम म्हणजे हे पीठ. तू वरून पाणी शिंपडलंस, ते वरच्या वर राहिलं. आत कोरडं. दिसायला भाकरी, उचलली की तुकडे. आणि पाऊस पडेल तेव्हा धरणार नाही, आधी दाबलेलं नाही ना, म्हणून वाहून जाईल. तव्यावर गेलेल्या भाकरीत नंतर पाणी घालून चालतं का? साहेबांनी सांगितलेली त्या कडब्याच्या ट्रकची हकिगतही सांगितली.

तिने हात थांबवला.

"ह्ये मला कुणी सांगितलं न्हाय," ती म्हणाली.

खरंच! कुणीच सांगितलं नव्हतं. साहेबांनी मला सांगितलं, मी खडीचा आकार तपासला, आणि पाणी कशासाठी लागतं ते एकाही बाईला सांगितलं नाही. त्यांना वाटलं रस्त्यावर पाणी मारतात ते धूळ बसावी म्हणून. अंगणात मारतात तसं.

"ट्रकवरनं पडला त्यो माणूस," तिने विचारलं, "त्याचा पाय कुठला गेला?"

"विचारलं नाही गं."

मग तिने फुटलेला गोळा परातीत मोडला, आधण ठेवलं, आणि उकळतं पाणी पिठावर ओतून झाकून ठेवलं. तरी माझं ठरलंय ते ठरलंय. गप्प बसायचं.

६ मे, रविवार

जेवणाच्या सुट्टीत अव्वाने माझ्याकडून कडी मागून घेतली. आपल्या ढिगातला एक दगड उचलला, टाकला, दुसरा उचलला. तो कडीतून आरपार काढून दाखवला आणि माझ्या हातात ठेवला.

"ह्यो घाल बुधवारी. सायबासमोर, चाकाखाली."

"अव्वा, तुला काढतील."

"काडू दे. बोललीया मी समद्यांशी. मथुरा शिव्या देतीया, पर उकराया येती म्हनली." मग माझी मूठ दगडावर मिटवली. "गिरजेचा रस्ता म्हनत्यात लोकं. त्यो फुटाया नगं. हेदरबेड मगळे. मी असतीया तितं."

हेदरबेड मगळे — भिऊ नको, पोरी. कानडीत, आणि रागात नाही.

दगड आत गेला की साहेबांना सगळं सांगेन. पाणी कुणी प्यायलं ते सांगताना माझंही नाव घेईन. आणि उतार उकरायला लागायच्या आधी बायकांसाठी टँकर मागेन.

बुधवारी, ९ मेला, जीप आल्याबरोबर दगड टाकायचा.